टेक्सासच्या सार्वजनिक तलावांत विक्रमी बास: आधी वाढवा, मग गळाला लावा

डॅलस, ऑस्टिन किंवा ह्यूस्टनला स्थायिक झालेल्या आणि लहानपणी नदीवर किंवा खाडीवर गरवायला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर इथे एक नाव लवकरच पडतं: लार्जमाऊथ बास. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोचणारा जबडा. गोड्या पाण्यातला हा शिकारी दीड-दोन पौंडांचा असेल तर जवळजवळ कुठल्याही तलावात मिळतो. हा लेख त्यापुढच्या माशासाठी आहे, म्हणजे आठ, दहा आणि नशिबात असेल तर तेरा पौंडांच्या. तेरा पौंड म्हणजे जवळपास ५.९ किलो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. एवढा मासा पकडण्याचं कौशल्य हा अर्धाच भाग आहे. आधी तो कुठेतरी आठ-दहा वर्षं जगलेला असावा लागतो. ती वर्षं त्याला तलाव देतो, सरकारी मत्स्यविभाग देतो आणि त्याला याआधी पकडून सोडून देणारे अनोळखी लोक देतात. म्हणून वाढवणं आधी, पकडणं नंतर.

पायरी १: मोठा मासा कसा तयार होतो ते समजून घ्या

जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे. जॉर्ज पेरी यांनी तो २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये केला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी त्याहून किंचित जड मासा धरला. पण या वजनाच्या माशासाठी जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, त्यामुळे दोघांची नोंद बरोबरीची राहिली. टेक्सासचा विक्रम १८.१८ पौंडांचा. तो जानेवारी १९९२ मध्ये लेक फोर्कवर बॅरी सेंट क्लेअर यांनी केला, आणि त्या दिवशी ते क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी जिवंत मिनो (आमिषाचा इवलासा मासा) लावून बसले होते!

हे आकडे तीन गोष्टींतून येतात: वंश, अन्न आणि वय.

वंशाचं महत्त्व टेक्सासच्या इतिहासातच दिसतं. १९४३ सालचा साडेतेरा पौंडांचा राज्यविक्रम १९८० पर्यंत कुणाला मोडता आला नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याच्या मत्स्यविभागाने फ्लोरिडाचा बास आणून तलावांत सोडायला सुरुवात केली. उबदार पाण्यात हा वंश स्थानिक बासपेक्षा बराच मोठा होतो. शास्त्रज्ञ आता त्याला वेगळी जातच मानतात. त्यानंतर विक्रम एकामागून एक पडत गेले. कॅलिफोर्नियातही हेच झालं. १९५९ मध्ये सॅन डिएगोच्या तलावांत फ्लोरिडाचे मासे आले आणि पुढे त्या कोरड्या प्रदेशातल्या छोट्या पाणीपुरवठ्याच्या तलावांतून वीस पौंडांपुढचे मासे निघू लागले.

तिथे अन्नाचा धडाही मिळतो. कॅलिफोर्नियाच्या त्या तलावांत हौशी लोकांसाठी ट्राउट मासे सोडले जातात आणि बास ते गिळतात. कॅस्टेक लेकमध्ये १९९१ साली बॉब क्रूपी यांना २२.०१ पौंडांचा बास मिळाला. एस्कॉन्डिडो शहराच्या डिक्सन लेकमध्ये २००६ च्या मार्चमध्ये एक मासा वजनकाट्यावर २५ पौंड १ औंस भरला. पण गळ तोंडात न अडकता अंगाला लागला होता, म्हणून मॅक वीकली यांनी विक्रमाचा दावाच केला नाही आणि मासा परत पाण्यात सोडला. मला वाटतं, या छंदातला सर्वांत मोठ्या मनाचा निर्णय तोच. टेक्सासमध्ये ट्राउटची जागा गिझर्ड शॅड घेतो. आपल्याकडच्या पाला माशाच्या कुळातला हा चंदेरी मासा हातभर वाढू शकतो, आणि मोठी बास एका घासात बरंच पोट भरेल असाच घास शोधते.

‘मोठी’ म्हणतो ते मुद्दाम. नर सहसा पाच-सहा पौंडांच्या पुढे जात नाही. तेरा पौंडांचा मासा म्हणजे मादी, आणि ती बहुधा आठ-दहा वर्षांची तरी असते.

पायरी २: तलाव निवडा

नवखे लोक आमिषांवर पैसे घालवतात आणि तलाव मात्र घराजवळचा धरतात. ज्या पाण्यात दहा पौंडांचा मासाच नाही तिथे जगातलं उत्तम आमिषही काय करणार?

डॅलसहून पूर्वेला दीड-दोन तासांवरचा लेक फोर्क हा याचा उत्तम नमुना. १९८० मध्ये धरण झालं. पाणी भरण्याआधीच तिथल्या तळ्यांमध्ये फ्लोरिडाच्या बासची पिल्लं वाढवली होती आणि झाडं मोठ्या प्रमाणावर न तोडता उभीच ठेवली होती. सुमारे २७,००० एकर पाणी, बुडालेलं जंगल, भरपूर शॅड आणि कडक नियम. एके काळी राज्यातल्या सर्वांत मोठ्या ५० बासपैकी निम्म्याहून जास्त याच एका तलावातले होते.

दुसरा ओ. एच. आयव्ही. सॅन अँजेलोच्या पूर्वेला, कोलोरॅडो आणि काँचो नद्यांच्या संगमावरचा, १९९० मध्ये भरलेला. दुष्काळात हा वर्षानुवर्षं आटत गेला आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर झुडपं माजली. २०१८-१९च्या सुमाराला पाणी परत चढलं, झुडपं बुडाली. कुजणाऱ्या झाडोऱ्यातून सूक्ष्मजीव, त्यांच्यावर लहान मासे, त्यांच्यावर बास, अशी नव्या धरणात असते तशी समृद्धी पुन्हा आली. २०२१ ते २०२३ च्या लागोपाठच्या हंगामांत राज्यभरातून प्रजननासाठी दिल्या गेलेल्या तेरा पौंडी माद्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त या एकाच तलावातून आल्या.

यातून नियम असा काढा: दुष्काळानंतर पुन्हा भरलेला तलाव लक्षात ठेवा, आणि त्यानंतरची काही वर्षं त्याच्यावर नजर ठेवा. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभाग प्रत्येक मोठ्या तलावाचे पाहणी अहवाल संकेतस्थळावर देतो. विजेचा सौम्य धक्का देऊन मासे वर आणायचे, मोजायचे आणि सोडायचे, अशी ती पाहणी असते. अहवालात तीन गोष्टी शोधा: फ्लोरिडा वंशाची पिल्लं अलीकडे कधी सोडली, शॅडची संख्या कशी आहे, आणि २० इंचांपुढचे बास मिळतायत का. अहवाल रूक्ष असतात, तरी वाचा. तासाभराचं हे वाचन कुठल्याही महागड्या रॉडपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पायरी ३: वाढवण्यात तुमचा वाटा

सार्वजनिक तलावात आपण स्वतः मासे आणून सोडू शकत नाही. परवानगीशिवाय तसं करणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही, कारण रोग आणि परकी जाती अशाच पसरतात. तरी सामान्य माणसाच्या हातात बरंच काही आहे.

पहिलं, कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो. दिवसाला पाच मासे ठेवता येतात आणि त्यात २४ इंच किंवा त्याहून मोठा एकच. १६ इंचांखालचे मासे घरी नेले तर तलावाचं नुकसान नाही, उलट फायदा आहे. लहान बासची दाटी झाली की अन्न वाटलं जातं आणि कुणीच मोठं होत नाही. त्यामुळे ‘सोडायचाच तर धरायचा कशाला?’ असं विचारणाऱ्या घरच्यांसाठी उत्तर तयार आहे: लहान मासे हळद, तिखट, मीठ आणि रव्यात घोळवून तळा, मोठी मादी पाण्यात राहू द्या. मोठा शिकारी मासा खाण्यालाही चांगला नसतो, वय आणि आकाराबरोबर त्याच्या मांसात पारा साठत जातो. काही तलावांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने तशा सूचनाही काढल्या आहेत.

दुसरं, आसरा. जुन्या धरणांतली बुडालेली झाडं कुजून जातात आणि तळ उघडा पडतो. बास क्लबचे सभासद मत्स्यविभागाबरोबर बांबूचे किंवा प्लास्टिकच्या नळ्यांचे सांगाडे आसऱ्यासाठी तळाशी सोडतात आणि काही ठिकाणी पाणवनस्पतीही लावतात. त्यासाठी तलावाच्या मालक-संस्थेची परवानगी लागते, म्हणून एकट्याने काही टाकू नका. क्लबच्या कामाच्या दिवशी हात लावायला जा. नवख्याला तलावाचा तळ समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही, आणि जुने लोक त्या दिवशी मोकळेपणाने बोलतात.

तिसरं म्हणजे शेअरलंकर, म्हणजे पकडलेली मोठी मादी प्रजननासाठी मत्स्यविभागाला देण्याची राज्याची योजना. नोव्हेंबर १९८६ मध्ये मार्क स्टीव्हन्सन यांना लेक फोर्कवर १७.६७ पौंडांची मादी मिळाली. तिचं नाव एथेल. मत्स्यविभागाच्या ताब्यात दिलेली ती या योजनेतली पहिली मादी. जानेवारी ते मार्च या काळात १३ पौंड किंवा त्याहून जड मासा मिळाला तर तो विभागाला उसना देता येतो. डॅलसच्या आग्नेयेला अ‍ॅथेन्स गावी असलेल्या टेक्सास फ्रेशवॉटर फिशरीज सेंटरमध्ये त्याची पिल्लं वाढवतात आणि मासा मूळ तलावात परत सोडण्याचा प्रयत्न करतात. या वंशातून निवडलेल्या माशांना ‘लोन स्टार बास’ म्हणतात आणि राज्याच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रांत) आता तेच जनक म्हणून वापरले जातात. म्हणजे कुणीतरी तीस वर्षांपूर्वी मन मोठं करून दिलेल्या मादीची पणतवंडं आज तुमच्या गळाला लागू शकतात.

कोय रुजवली की पुढच्याच वर्षी आंबे मिळत नाहीत, तसंच हे आहे. आज सोडलेली मादी दुसऱ्या कुणाला, कदाचित पाच वर्षांनी, मिळेल.

पायरी ४: परवाना

१७ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. मोठ्यांना लागतो. राज्यात सलग सहा महिने राहिलात की रहिवाशाचा स्वस्त परवाना मिळतो. भारतातून भेटीला आलेल्या आईबाबांसाठी एका दिवसाचा परवानाही आहे. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गरवायला परवानाच लागत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी राज्यभर सगळ्यांना मोकळीक असते. माशांच्या लांबीचे आणि संख्येचे नियम मात्र सर्वत्र लागू, आणि ते तलावागणिक बदलतात.

बोट काढणार असाल तर १३ वर्षांखालच्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. मोठ्यांनीही घाला. फेब्रुवारीच्या पाण्यात पडलं की हातपाय लवकर आखडतात, आणि लेक फोर्कमध्ये पाण्याखालचे खुंट बोटीच्या मार्गाबाहेर सगळीकडे आहेत. तलावातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात असेच जातात.

पायरी ५: सामान

सात फुटांच्या आसपासचा जड ताकदीचा रॉड आणि बेटकास्टिंग रील (आडव्या चकरीची). मोकळ्या पाण्यात १५ ते २० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) फ्लोरोकार्बन दोरा, दाट गवतात ५० ते ६५ पौंडी विणलेला दोरा. बेटकास्टिंग रीलमध्ये सुरुवातीला दोऱ्याचा गुंता होतोच, अंगणात सराव करा. रबराच्या जाळीचं मोठं जाळं, लांब पक्कड, डिजिटल वजनकाटा आणि मोजपट्टीची फळी या चार वस्तूंवर काटकसर नको.

समोर रोखून पाहणारं सोनार यंत्र (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं) गेल्या काही वर्षांत खूप पसरलं आहे. पडद्यावर मासा आणि आमिष दोन्ही हलताना दिसतात, आणि आयव्हीवरचे बरेच मोठे मासे असेच मिळाले. माझं मत असं की पहिल्या वर्षी ते घेऊ नये. पाणी वाचायला शिकण्याआधी पडदा वाचायची सवय लागते, आणि त्याची किंमतही हजारांत जाते.

पायरी ६: केव्हा आणि कुठे

वर्षातला सर्वांत जड मासा अंडी घालण्याच्या आधी मिळतो, कारण तेव्हा मादीच्या पोटात अंडी भरलेली असतात. टेक्सासमध्ये हा काळ साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत. पाणी ५५ ते ६० अंश फॅरनहाइटला आलं की माद्या खोल पाण्यातून उथळाकडे सरकतात. साधारण साठ अंशांच्या पुढे नर घरटी करू लागतात.

हा प्रवास कुठून होतो ते ओळखणं हीच या हंगामातली खरी कला. नकाशा उघडा. अंडी घालायला योग्य, म्हणजे वाऱ्यापासून आडोसा असलेली, कठीण तळाची, बहुतेक वेळा उत्तरेकडची उथळ खाडी शोधा. उत्तरेकडची अशासाठी की थंड उत्तरी वाऱ्यापासून तिला आडोसा असतो आणि उन्हाने ती आधी तापते. आता त्या खाडीतून मुख्य तलावाकडे उलट या. जुन्या ओढ्याचं बुडालेलं पात्र, पाण्यात घुसलेले जमिनीचे सुळके, गवताची बाहेरची कड. मादी या वाटेवर थांबत थांबत येते. थंडीची लाट आली की दोन पावलं मागे, तीन दिवस सलग ऊन पडलं की पुढे. म्हणून सलग उबदार दिवसांचा तिसरा दिवस, दुपारनंतर, हलका दक्षिणेचा वारा, असा योग आला तर रजा टाकून जा.

घरट्यावर बसलेला मासा दिसला तर? कायद्याने पकडता येतो. मी टाळतो. पकडलाच तर तिथेच, लगेच सोडा, कारण राखणदार नर उचलला की ब्लूगिल मासे काही मिनिटांत अंडी खायला येतात.

उन्हाळ्यात मोठे मासे खोल पाण्यातल्या सुळक्यांवर आणि पुलांच्या खांबांपाशी जातात. तेव्हा पहाट किंवा रात्र बरी. पण नवख्याने उन्हाळा सरावासाठी वापरावा, विक्रमासाठी वसंताच्या तोंडाची वाट पाहावी.

पायरी ७: आमिष आणि झटका

थंड पाण्यात मोठं आणि सावकाश. गवतावरून लाल रंगाचा लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचं, थरथरणारं कडक आमिष) ओढा, तो गवतात अडकला की हिसका देऊन सोडवा. घास बहुतेक वेळा त्याच क्षणी येतो. झाडांच्या खुंटांशी अर्धा ते पाऊण औंसाचा जिग (जड डोक्याचा, झालर लावलेला गळ) उतरवा, तळाला टेकू द्या आणि मग खरंच काही करू नका. दहा सेकंद. मोठी मादी आमिष ओढत नाही, आत घेते. दोऱ्याला नुसतं जड वाटतं, किंवा दोरा बाजूला सरकतो. सहा ते दहा इंचांचा मऊ स्विमबेट शॅडची नक्कल करतो. दिवसभरात तो फार थोड्या माशांना मोहात पाडतो, पण त्यातले मोठे असतात. टेक्सास रिग, म्हणजे गोळीच्या आकाराचं वजन आणि गळाचं टोक रबरी किड्यात लपवलेलं, हे नवख्याचं हक्काचं हत्यार आहे. झाडोऱ्यात अडकत नाही आणि तळ कसा आहे ते हाताला कळतं.

मासा लागला की रॉड एकदा जोरात मागे खेचून गळ रुतवा. मग दोरा ताठ ठेवा, रॉड खाली ठेवा. मासा वर येऊन डोकं झाडू लागला तर बहुतेक वेळा तिथेच गळ सुटतो. जाळं पाण्यात आधी उतरवून ठेवा आणि मासा डोक्याकडून आत घ्या.

पायरी ८: हातात आल्यावर

हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. एका हाताने खालचा जबडा, दुसऱ्याने पोटाखाली आधार, मासा आडवा. दहा पौंडांचा मासा नुसत्या जबड्याने उभा लटकवला तर जबड्याच्या सांध्यांवर सगळं वजन येतं आणि सोडल्यावर त्याला नीट खाता येत नाही. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करा. तुम्ही श्वास रोखून धरलात तर जेवढा वेळ तग धराल, तेवढाच वेळ तो बाहेर.

आठ पौंड किंवा २४ इंच भरला तर शेअरलंकरमध्ये वर्षभर कधीही नोंद करता येते. दहा आणि तेरा पौंडांसाठी वरचे वर्ग आहेत. तेरापुढचा असेल तर वंश तपासण्यासाठी दोन-चार खवले मागतात. हंगामात तेरा पौंडी मादी मिळाली तर ती मोठ्या, हवा खेळत्या टाकीत ठेवा, टाकीत दुसरा मासा नको, आणि लगेच योजनेच्या क्रमांकावर फोन करा. क्रमांक आधीच मोबाइलमध्ये साठवलेला हवा. स्वतः गाडीत घालून कुठेही नेऊ नका, विभागाची माणसं न्यायला येतात. राज्यविक्रमाची शंका आली तर प्रमाणित काट्यावरचं वजन लागतं. जवळच्या मरिनावर तसा काटा आहे का हे निघण्याआधी विचारून ठेवा.

पहिल्या वर्षाची आखणी

ऑक्टोबरमध्ये दोन तलावांचे अहवाल वाचून एक निवडा. नोव्हेंबरात एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन अ‍ॅथेन्सला जा. केंद्रातल्या मोठ्या काचटाक्यांत भल्यामोठ्या बास पोहताना दिसतात, त्यांना खाताना पाहणं हेही शिक्षणच, आणि तिथल्या तळ्यावर मुलांना गळ टाकता येतो. डिसेंबरात अंगणात फेकीचा सराव. फेब्रुवारीच्या मध्याला एक दिवस स्थानिक मार्गदर्शकाची बोट ठरवा, एकट्याने दहा वेळा भटकण्यापेक्षा तो खर्च सार्थकी लागतो. ठरवताना तीन प्रश्न विचारा: माद्या सध्या कुठे आहेत, मोठा मासा सोडतोस ना, आणि टाकीत हवा खेळवायची सोय आहे का. दुसऱ्या प्रश्नाला अडखळला तर दुसरा माणूस बघा. फेब्रुवारी-मार्चच्या शनिवार-रविवारच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे हा फोन दिवाळीच्या सुमारासच करून टाका.